जुन्या वाड्याचें मागील दार



‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ अशी म्हण आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. नवें घर बांधतांना गृहस्थाची जी तारांबळ उडते ती या म्हणींत सांगितली आहे. परंतु वाडवडिलांनीं बांधून ठेवलेल्या घरास दोन नव्या खोल्या जोडतांना जी तारांबळ उडते, तिच्याविषयीं म्हण कोणी केलेली नाहीं. वास्तविक हें काम अधिक अवघड. नव्या घरांत चूक झाली तर ती आपली एकट्याची असते. जुन्या घरांत चूक झाली तर चार पिढ्यांनीं सांभाळलेलें बिघडतें. पुणें, सातारा, वाई, नाशिक अशा गांवांतून जे जुने वाडे अद्यापि उभे आहेत, त्यांपैकीं पुष्कळांवर आज हाच प्रसंग आहे. त्यांत माणसें राहतात, त्यांना स्वच्छ न्हाणीघर हवें असतें, उजेडाचें स्वयंपाकघर हवें असतें, आणि वाडा मोडूं नये असेंही वाटत असतें. हें सर्व एकत्र कसें साधावें याचा विचार करावयाचा आहे.

जुन्या वास्तूला कांहीं जोडणें हेंच मुळीं अनुचित, असें कित्येकांचें मत असतें. पण वाड्याचा इतिहास या मताला दुजोरा देत नाहीं. वाडा ही एकदां बांधून संपलेली वस्तु कधींच नव्हती. पहिल्या बाजीरावांनीं १० जानेवारी १७३० रोजीं शनिवारवाड्याच्या बांधकामास आरंभ केला आणि २२ जानेवारी १७३२ रोजीं त्याची वास्तुशांति झाली. त्या वेळीं खर्च आला तो १६,११० रुपये. पुढें त्यांच्या मागून आलेल्या पेशव्यांनीं त्यांत दिवाणखाने, कारंजीं व नव्या इमारती वाढविल्या. १८२८ सालच्या आगींत आंतील इमारती भस्म झाल्या, तेव्हां जो वाडा जळाला तो अनेक पिढ्यांनीं वाढवीत नेलेला वाडा होता. सामान्य गृहस्थाचे वाडेही याच रीतीनें वाढले. आधीं एक चौक, मग कुटुंब वाढलें म्हणजे त्याच्या मागें दुसरा चौक. समोरची देवडी व ओसरी रस्त्याला जखडलेली. वाढावयास जागा असे ती परसाकडेच. तेव्हां मागील बाजूस खोल्या काढणें हा वाड्याच्या रूढीला धरूनच असलेला मार्ग आहे. प्रश्न आहे तो कशा काढाव्या एवढाच.

त्यासाठीं वाडा उभा कसा राहतो हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. वाड्याचें माप खणांत सांगतात. दोन खांबांमधलें अंतर म्हणजे एक खण. तें बहुधा पांच फुटांच्या आसपास असतें. काळ्या घडीव दगडाचें जोतें, त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर पाट, असा हा सांगाडा असतो. घराचा भार बव्हंशीं या सांगाड्यावर असतो. मधल्या भिंती, विशेषतः वरच्या मजल्याच्या, पुष्कळदां पांढऱ्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या असतात. त्या उन्हाळ्यांत घर गार ठेवतात, हिवाळ्यांत ऊब राखतात. मात्र पाणी त्यांना सोसत नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेचें पाणी पुण्याच्या पेठांत शिरलें, तेव्हां जे वाडे कोसळले त्यांतले कित्येक नुसत्या लोंढ्याच्या धक्क्यानें पडले नाहींत; मातीच्या भिंती भिजल्या, मऊ झाल्या आणि बसल्या. एका दिवसांत पुरानें जें केलें, तेंच भिंतीला लागून बांधलेली गळकी मोरी वीस वर्षांत हळूहळू करीत असते. तिचा आवाज होत नाहीं, एवढाच फरक.

आतां कृष्णाकांठच्या एखाद्या गांवांतला पांच खण रुंदीचा एक दुमजली वाडा डोळ्यांपुढें आणावा. पुढें ओसरी, मध्यें चौक, चौकापलीकडे माजघर, माजघराला मागील दार आणि दाराच्या दोहों बाजूंस एकेक खिडकी. दारापलीकडे पंचेचाळीस फूट लांबीचें परसू. त्यांत आड, तुळशीवृंदावन, एक कडुनिंब, आणि अगदीं टोंकाला शौचकूप. घरांत ऐंशीच्या घरांतली आई, दोन मुलगे, सुना व नातवंडें. आषाढांतल्या रात्रीं त्या म्हातारीला शेवाळलेल्या फरशीवरून, एका हातांत विजेरी व दुसऱ्या हातानें सुनेचा खांदा धरून परसाच्या टोंकाला जावें लागतें. एकदां ती घसरून पडली, आणि तेव्हांपासून घरांत वाद सुरू झाला. थोरला म्हणतो, वाडा पाडून इमारतीच्या कंत्राटदाराला द्यावा, म्हणजे सर्वांना नवीं घरें मिळतील. धाकटा म्हणतो, वाडवडिलांच्या वास्तूची एक वीटही हलवूं देणार नाहीं. वाद कांहीं केल्या मिटेना, तेव्हां म्हातारी म्हणाली, “बाळांनो, तुम्हां दोघांचाही वाडा समोरच्या दारापाशीं संपतो. मागच्या दाराला काय हवें, तें एकदां आम्हां बायकांना विचारा.”

हें घर कल्पित आहे. परंतु म्हातारीचें बोलणें विचार करण्याजोगें आहे. वाड्याची कीर्ति समोरून होते. कोरीव खांब, दिंडीचा दरवाजा, भिंतीवरचीं चित्रें यांचें कौतुक पाहुणे करतात. पाणी शेंदणें, भांडीं घासणें, धुणें, बाळंतिणीचें न्हाणें, धान्य वाळविणें हें सारें मागील दारीं झालें, आणि तें ज्यांनीं केलें त्यांच्या सोयीचा विचार सर्वांत शेवटीं झाला. म्हणून आजही पुढच्या बाजूला रंगरंगोटी होते आणि मागें मात्र पत्र्याची पडवी टेकविली जाते. मागची वाढ नीट करणें म्हणजे घराच्या त्या अर्ध्या भागाला त्याचा मान देणें होय.

काम सुरू करण्यापूर्वीं पहिली गोष्ट करावयाची ती मोजणी. प्रत्येक खण, प्रत्येक खिडकी, जोत्याची उंची, छपराचा उतार, आडाची व नाल्याची जागा हें सर्व कागदावर उतरवावें. ओळंबा लावून कोणती भिंत किती झुकली आहे तें पाहावें. खांबाच्या बुडाशीं व कड्यांच्या भिंतींत शिरलेल्या टोंकांशीं टोंचून वाळवी लागली आहे कीं काय तें तपासावें. एक संपूर्ण पावसाळा घर पाहावें. पागोळ्यांचें पाणी कोठें पडतें, कोठें सांचतें, कोणत्या कोपऱ्यांत ओल चढते, हें कोरड्या ऋतूंत कळत नाहीं. दुसरी गोष्ट म्हणजे गरज तपासणें. कित्येकदां जी खोली नवी बांधावयास निघतात ती घरांतच अडगळीनें भरून पडलेली असते. कोठीची खोली मोकळी केल्यानें काम भागत असेल, तर न बांधणें हेंच उत्तम बांधकाम होय.

वरील घरांत मात्र तेवढ्यानें भागणार नाहीं असें धरूं. मग नवी इमारत कोठें उभी करावी? सर्वांत सोपें दिसतें तें असें कीं, मागच्या भिंतीलाच टेकून खोल्या काढाव्या. पण तसें केलें कीं माजघराच्या दोन्ही खिडक्या बुजतात. माजघराला मुळांतच उजेड थोडा. तोही गेला म्हणजे भर दुपारीं दिवा लावावा लागतो, हवा कोंडते आणि ओल वाळेनाशी होते. यास्तव नवी इमारत जुन्या भिंतीपासून दोन खण, म्हणजे सुमारें दहा फूट, दूर ठेवावी. मागील दारासमोर एक खण रुंदीची, वरून झांकलेली व बाजूंनीं मोकळी अशी पडवी काढून दोन्ही इमारती जोडाव्या. पडवीच्या दोहों अंगांस दहा दहा फुटांचीं दोन लहान अंगणें राहतील. खिडक्यांचा उजेड कायम राहील, आणि तुळशीवृंदावनाला जागचें हलावें लागणार नाहीं. पडवीच्या पलीकडे तीन खण खोलीची नवी इमारत. मधला खण जाण्यायेण्याचा. एका बाजूस दोन खणांचें स्वयंपाकघर. दुसऱ्या बाजूस पुढें म्हातारीची खोली व मागें न्हाणीघर आणि शौचकूप. मधला खण सरळ मागें परसांत उघडेल, म्हणजे नव्या इमारतीलाही आपलें मागील दार मिळेल. आड ज्या अंगाला आहे त्याच्या विरुद्ध अंगास न्हाणीघर ठेवावें आणि त्याचें सांडपाणी आडापासून लांबून न्यावें. शौचकूप गांवच्या बंद गटाराला जोडतां येत असेल तर उत्तम. शोषखड्डा करावा लागलाच तर तो आडाजवळ कदापि नसावा.

या योजनेंत नवीन दार पाडावें लागत नाहीं. वडिलांनीं ठेवलेल्या मागील दारानेंच नव्या इमारतींत जातां येतें. जुन्या भिंतीला भोंक न पाडतां जोडणी होत असेल तर ती पहिल्या प्रतीची समजावी. उद्यां नातवंडांनीं ही वाढ काढून टाकावयाचें ठरविलें, तर मूळ वाडा त्यांना जसाच्या तसा परत मिळेल. नव्या इमारतीची फरशी जुन्या जोत्याच्या पातळीलाच ठेवावी, म्हणजे म्हातारीला एकही पायरी उतरावी लागणार नाहीं.

पायाच्या बाबतींत विशेष जपलें पाहिजे. जुन्या घराची जमीन शेंदीडशें वर्षें दबून स्थिर झालेली असते. नवी भिंत मात्र पहिल्या दोनतीन पावसाळ्यांत थोडी तरी बसतेच. म्हणून नवी भिंत जुन्या भिंतींत दांते घालून गुंफूं नये. गुंफली तर नवी बसतांना जुनीला ओढते आणि मध्यें चीर पडते. पडवीचे खांब जुन्या भिंतीपासून वीतभर दूर, आपल्या स्वतंत्र पायावर उभे करावे. मधल्या फटीवर पत्र्याची घडी अशी बसवावी कीं पाणी आंत जाणार नाहीं, पण दोन्ही इमारतींना आपापल्या परीनें हलतां येईल. पाया खणतांना जुन्या पायाच्या तळाखालीं त्याच्या जवळ कधींही जाऊं नये. आणि चर एकदम उघडा न टाकतां थोडा थोडा खणून भरीत जावा. पावसाळ्याच्या तोंडावर तर हें काम हातीं धरूंच नये.

उंचीविषयीं नियम साधा आहे. मागाहून आलेल्यानें वडीलधाऱ्याच्या खांद्यावरून डोकें काढूं नये. नवी इमारत एकमजली असावी, आणि तिचें आढें जुन्या माडीच्या खिडकीच्या तळाखालीं राहावें, म्हणजे माडीवरून कडुनिंब पूर्वींसारखा दिसेल. छप्पर कौलारू असल्यास त्याचा उतार जुन्या छपराच्या उताराइतकाच ठेवावा. खांब सागवानी मिळाले तर चांगलेंच. जुन्या पडलेल्या घरांचें निवडक लांकूड पुष्कळदां नव्याहून टिकाऊ निघतें. लांकूड परवडत नसेल तर सडपातळ लोखंडी खांबही चालतील. खणाचें माप मात्र मोडूं नये. पांच फुटांच्या लयीनें उभ्या असलेल्या घरामागें पंधरा फुटांची एकच सपाट खिडकी आली, कीं कोणत्याही रंगानें ती विसंगति झांकत नाहीं. वाड्याच्या खिडक्या उभ्या असतात. नव्या खिडक्याही उभ्याच असाव्या.

सामानांत सर्वांत मोठी चूक होते ती सिमेंटची. सिमेंट वाईट आहे असें नाहीं. नव्या पायांत व न्हाणीघराच्या जमिनींत तें उपयोगीच पडतें. पण जुन्या चुन्याच्या किंवा मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला, कीं भिंतींतला ओलावा आंतच कोंडतो. चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊं देतो. सिमेंट तिला अडवितें. मग क्षार फुलून भिंतीला लोणा लागतो, विटा आंतून भुसभुशीत होतात, आणि भिंतींत शिरलेलीं तुळयांचीं टोंकें कुजूं लागतात. वरून मात्र भिंत गुळगुळीत दिसत असते. म्हणून जुन्या भिंतीला जेथें हात लावावा लागेल तेथें चुनाच वापरावा. चुना नीट विरवून, मुरवून घ्यावा लागतो व तो सावकाश घट्ट होतो. पण ज्या घरानें दीडशें वर्षें काढलीं त्याच्यासाठीं चार आठवडे थांबणें जड जाऊं नये.

पाण्याचा विचार शेवटीं सांगितला तरी तो पहिला समजावा. दोन्ही छपरांचीं पाखीं एकमेकांकडे उतरतील तर मधलें सारें पाणी त्या लहान अंगणांत कोसळेल. नव्या छपराचा मुख्य उतार परसाकडे काढावा. अंगणाकडे येणाऱ्या पागोळ्या पन्हळींत घ्याव्या. अंगणाच्या फरशीला जुन्या जोत्यापासून बाहेर, दर पांच फुटांस निदान एक इंच, असा ढाळ द्यावा. दोन्ही अंगणांचें पाणी नव्या इमारतीच्या मधल्या खणाखालून दगडी नाल्यानें मागें न्यावें, आणि त्या नाल्यावरच्या फरश्या उचलतां येतील अशा ठेवाव्या. जो नाला उघडून साफ करतां येत नाहीं तो असून नसल्यासारखाच. न्हाणीघराचा नळ जुन्या भिंतींत पुरूं नये. तो उघडा, दिसेल असा न्यावा. गळती डोळ्यांना दिसली तर पांच रुपयांचें काम, न दिसली तर भिंतीचें मरण.

आतां रूपाचा प्रश्न. नवी इमारत हुबेहूब जुन्यासारखी करावी काय? पुष्कळांना वाटतें, कोरीव खांबांची नक्कल केली कीं शोभा येईल. पण नक्कल ही घराविषयीं खोटी साक्ष होते. पुढच्या पिढीला कोणतें खरोखर जुनें आणि कोणतें आपल्या बापानें केलेलें, हें कळेनासें होतें. १९६४ सालीं व्हेनिस येथें भरलेल्या परिषदेंत वास्तुजतनाची जी सनद तयार झाली, तींतही हेंच तत्त्व आहे. जीर्णोद्धारांत जें नवें घालावें तें मुळाशीं सुसंगत असावें, पण जुन्याहून वेगळें ओळखूं यावें. आणि वास्तूचे महत्त्वाचे भाग, तिचा समतोल व तिचा परिसर यांना जिच्यामुळें उणेपणा येईल अशी भर घालूं नये. घरगुती भाषेंत सांगावयाचें तर, नवी सून घरच्या रीतीनें वागते, पण सासूचें नांव लावीत नाहीं. नव्या इमारतीचे खांब साधे असावे, त्यांवर नक्षी नसावी, आणि दाराच्या पट्टीवर बांधणीचें साल कोरावें; एवढ्यानें प्रामाणिकपणा राहतो.

कायदाही या बाबतींत सर्वस्वी आड येत नाहीं. मुंबईंत १९९५ सालीं वारसा-वास्तूंसाठीं नियम झाले, आणि वास्तूंच्या श्रेणी ठरल्या. सर्वांत वरच्या श्रेणींतील वास्तूंना हात लावण्यास कडक मनाई. पण दुसऱ्या श्रेणींत, त्याच आवारांत, विशिष्ट परिस्थितींत, मूळ वास्तूशीं उंचीनें व दर्शनी रूपानें जुळणारी वाढ करतां येते. पुण्यासारख्या शहरांतही वारसा-वास्तूंची यादी आहे. ज्याचें घर अशा यादींत असेल त्यानें नगरपालिकेची अथवा महानगरपालिकेची लेखी परवानगी घेतल्यावांचून कुदळ मारूं नये. अर्थात् कायदा परवानगी देतो, पैसा देत नाहीं, हेंही खरें. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याखालीं भाडीं गोठून राहिल्यामुळें कित्येक मालकांना दुरुस्तीसुद्धां परवडेनाशी झाली, आणि वाडे डागडुजीवांचून खचत गेले. अशा घरांतला थोरला मुलगा वाडा पाडावयास निघाला, तर त्याला कृतघ्न म्हणण्याची घाई कोणी करूं नये. त्याची अडचण खरी असते. त्याला उपदेशापेक्षां हिशेबाचा उपयोग अधिक. एकदम सर्व करावयाचें नसल्यास पहिल्या वर्षीं छप्पर व पन्हळी दुरुस्त कराव्या, दुसऱ्या वर्षीं पडवी व न्हाणीघर, तिसऱ्या वर्षीं स्वयंपाकघर. वाडा खणाखणानें बांधला गेला. तो खणाखणानेंच वाढवितांही येतो.

त्या कल्पित घराकडे पुन्हां एकदां पाहूं. तीन वर्षांनीं तेथें काय दिसेल? रस्त्यावरून जाणाऱ्याला कांहींच नवीन दिसणार नाहीं. देवडी तीच, ओसरी तीच. थोरल्याला वाडा पाडण्याची निकड वाटेनाशी झाली असेल. धाकट्यालाही कळलें असेल कीं, वीट न हलवितां जें राहिलें असतें तें म्हातारीला पारखें झालेलें घर असतें. दुपारीं सूनबाई उजेडांत स्वयंपाक करीत असेल आणि खिडकींतून तिला तुळस दिसत असेल. आषाढांतल्या रात्रीं, पागोळ्या दोहों बाजूंस वाजत असतां, म्हातारी कोणाला हांक न मारतां आपल्या खोलींतून उठेल, कोरड्या फरशीवरून चार पावलें जाऊन परत येईल आणि निजेल. घरांतल्या कोणाला तें कळणारही नाहीं. मागील दाराचें काम नीट झालें, याची दुसरी खूण शोधण्याचें कारण नाहीं.